मज्जाशास्त्राचे आद्य आचार्य : सांतियागो रामोन इ काहाल

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात अशी आपल्या भाषेंत एक म्हण आहे. पुष्कळ थोरांच्या चरित्रांत ती खरी ठरली असेल. परंतु ज्या पुरुषाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, त्याचे पाय पाळण्यांत तर नाहींतच, पण शाळेंतहि कोणाला दिसले नाहींत. उलट हा मुलगा एक दिवस तुरुंगाची वाट धरणार अशीच गांवांतील शहाण्यासुरत्या माणसांची खात्री होती, आणि वयाच्या अकराव्या वर्षीं त्यानें ती खात्री थोडीशी खरीहि करून दाखविली! पुढें तोच मुलगा मानवी मेंदूच्या रचनेचा उलगडा करणारा जगन्मान्य शास्त्रज्ञ झाला. आज देशोदेशींच्या विद्यापीठांतून मज्जाशास्त्रांत डॉक्टरची पदवी मिळविण्यासाठीं जे विद्यार्थी वर्षानुवर्षें प्रयोगशाळेंत बसतात, ते सर्व ह्या एका माणसानें पाडलेल्या वाटेनेंच चालत असतात. त्याला स्वतःला ती पदवी कशी मिळाली, आणि मिळाल्यावर त्यानें तिचें काय केलें, हें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

सांतियागो रामोन इ काहाल याचा जन्म स्पेन देशांत पेतिया नांवाच्या डोंगरांतील एका लहानशा खेड्यांत ता. १ मे १८५२ रोजीं झाला. रामोन हें वडिलांचें आडनांव आणि काहाल हें आईचें. दोन्ही आडनांवें लावण्याची त्या देशाची रीत आहे. वडील हुस्तो रामोन हे गरीब शेतकरी कुळांत जन्मलेले. लहानपणीं एका न्हावी-शस्त्रवैद्याच्या हाताखालीं त्यांनीं उमेदवारी केली, पुढें शिक्षणासाठीं पायीं चालत बार्सिलोना शहर गांठलें, आणि पोटाला चिमटा घेऊन शस्त्रवैद्य झाले. अशा माणसाला विद्येची किंमत फार असते, आणि करमणुकीची फार थोडी. आपल्या मुलानें वैद्य व्हावें ही एकच इच्छा त्यांनीं उरांत बाळगली होती. मुलगा लहान असतांना वाल्पाल्मास गांवाजवळील धनगरांच्या एका ओसाड गुहेंत त्याला नेऊन बसवून, लोकांची वर्दळ नाहीं अशा ठिकाणीं, त्यांनीं स्वतः त्याला फ्रेंच भाषा शिकविली. एवढी ज्यांची तळमळ, त्यांच्या पोटीं अभ्यासाचा कंटाळा करणारा मुलगा यावा, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा!

सांतियागोला एकच नाद होता आणि तो म्हणजे चित्रें काढण्याचा. कागद मिळेल तेथें कागदावर, न मिळेल तेथें भिंतीवर आणि दारावर त्याचा हात चाले. वडिलांना हा नाद मुळींच खपत नसे. चित्रकार उपाशी मरतात अशी त्यांची समजूत. तरीहि ते न्यायी होते. आयेर्बे गांवीं देवळाच्या भिंती रंगवावयास एक रंगारी आला असतां, मुलानें काढलेलें एका साधूचें चित्र त्यांनीं त्याच्यापुढें टाकलें आणि त्याचा निवाडा मागितला. रंगाऱ्यानें चित्र धड नाहीं व मुलाच्या अंगांत कला नाहीं असा निकाल दिला. झालें! त्या दिवसापासून घरांत रंगांना आणि पेन्सिलींना बंदी झाली. भिंती रंगविणाऱ्या एका माणसानें दिलेला हा निवाडा किती चुकीचा होता हें पुढें साऱ्या जगाला कळावयाचें होतें.

हाका येथील शाळेंत त्याला घातलें, तेथें लॅटिनची घोकंपट्टी त्याच्या गळीं उतरेना. जो धडा अर्थ कळल्याशिवाय पाठ करावयाचा, तो त्याच्या डोक्यांत राहातच नसे. मार बसे, उपास घडे, कोठडींत कोंडून ठेवीत. पण शिक्षा जितकी कडक तितका मुलगा अधिकच हट्टी. घरीं आयेर्बेला परत आल्यावर त्यानें एका लांकडी तुळईला भोंक पाडून तोफ तयार केली, तींत दारू ठांसली, आणि शेजाऱ्याच्या नव्या कोऱ्या फाटकावर ती डागली! फाटकाच्या चिंधड्या झाल्या व सांतियागोची रवानगी गांवच्या तुरुंगांत झाली. वडिलांनीं त्याला सोडवून आणण्याची घाई केली नाहीं. पुढें वेस्का येथील विद्यालयांत शिकत असतांनाहि तोच प्रकार चालूं राहिल्यावर वडिलांनीं त्याला एकदां न्हाव्याकडे व एकदां चांभाराकडे कामाला ठेविलें. तो जोडे चांगले शिवी असें म्हणतात. हात मुळांतच कसबी होते.

इ. स. १८६८ च्या उन्हाळ्यांत ह्या कथेला वळण लागलें. मुलाला शरीरशास्त्र शिकवावयाचें तर तें पुस्तकांतून नव्हे, हें वडिलांच्या ध्यानांत आलें. ते त्याला गांवाबाहेरील एका जुन्या दफनभूमींत घेऊन गेले. तेथें उघड्या पडलेल्या मानवी अस्थि गोळा करून, एकेक हाड हातांत देऊन, त्याचा प्रत्येक उंचवटा, खांच आणि छिद्र पाहून त्याचें चित्र काढावयास त्यांनीं सांगितलें. ज्या बोटांना इतकीं वर्षें बंदी होती, त्या बोटांना आतां स्वतः वडिलांनींच पेन्सिल दिली! पुस्तकांतील नांवें ज्याच्या लक्षांत राहात नव्हतीं, त्या मुलाला थोड्याच दिवसांत सर्व हाडें तोंडपाठ झालीं, कारण तीं त्यानें डोळ्यांनीं पाहिलीं होतीं व हातानें काढलीं होतीं. बाप-लेकांतील जुनें वैर त्या हाडांच्या ढिगापाशीं मिटलें असें म्हणावयास हरकत नाहीं. सारागोसा येथें वैद्यकाचें शिक्षण सुरू झाल्यावर दोघे मिळून शवच्छेदन करीत, आणि इ. स. १८७३ मध्यें सांतियागो वैद्य होऊन बाहेर पडला.

बाहेर पडला तो थेट लष्करांत. सक्तीच्या सैन्यभरतींत त्याचें नांव निघालें, आणि १८७४ मध्यें लष्करी वैद्य म्हणून त्याला समुद्रापलीकडे क्यूबा बेटांत पाठविण्यांत आलें. तेथें स्पेनचें क्यूबाच्या लोकांशीं युद्ध चालूं होतें; परंतु सैनिक गोळ्यांनीं मरत त्याहून अधिक तापानें मरत. तरुण वैद्यालाहि हिवतापानें गांठलें. रोग्यांवर उपचार करावयास आलेला हा माणूस स्वतःच अस्थिपंजर होऊन १८७५ मध्यें मायदेशीं परतला. बरोबर आणली ती थोडीशी शिल्लक आणि खिळखिळें झालेलें शरीर.

आतां डॉक्टरच्या पदवीची गोष्ट. त्या काळीं स्पेनमध्यें वैद्यकाचें शिक्षण पुष्कळ ठिकाणीं मिळे, पण डॉक्टरची पदवी देण्याचा अधिकार एकट्या माद्रिद येथील मध्यवर्ती विद्यापीठाचा होता. आणि प्राध्यापक होऊं इच्छिणाऱ्यास ती पदवी आवश्यक होती. १८७७ मध्यें पंचविसाव्या वर्षीं काहाल परीक्षेसाठीं माद्रिदला गेले. शरीराला जी सूज व दाह येतो त्याच्या उत्पत्तीविषयीं त्यांनीं आपला प्रबंध लिहिला व पदवी मिळविली. पण त्या प्रवासांत त्यांना पदवीहूनहि मोठी एक गोष्ट मिळाली. मायेस्त्रे दे सान हुआन ह्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेंत सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवलेले शरीराच्या पेशीजालांचे पातळ काप त्यांनीं पाहिले. उघड्या डोळ्यांना जें केवळ मांस दिसतें, त्याच्या आंत एवढी सुंदर व नियमबद्ध सृष्टि आहे, हें पाहून ते थक्क झाले. घरीं परतल्यावर क्यूबांतून वांचवून आणलेल्या पैशांतून त्यांनीं हप्त्यांनीं एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला व घराच्या माळ्यावर आपली प्रयोगशाळा थाटली. त्यांना शिकवावयास तेथें कोणी नव्हतें.

येथें आमच्या वाचकांनीं क्षणभर थांबावें असें आम्हांस वाटतें. पदवी मिळाली म्हणजे विद्या संपली असें मानणारे पुष्कळ असतात. काहाल यांच्या बाबतींत पदवीच्या दिवशीं विद्येला आरंभ झाला. आणि तो आरंभहि सुखाचा नव्हता. प्राध्यापकाच्या जागेसाठीं ज्या चढाओढीच्या परीक्षा होत, त्यांत पहिल्या प्रयत्नांत त्यांना अपयश आलें. १८७८ मध्यें रक्त पडूं लागलें व क्षयाचें निदान झालें. डोंगरांतील हवेंत राहून ते कसेबसे बरे झाले. १८७९ मध्यें सिल्वेरिया फान्यानास ह्या मुलीशीं त्यांनीं विवाह केला. पुढें ह्या दांपत्यास सात अपत्यें झालीं. नवऱ्याचा पैसा रसायनांत आणि कांचपट्टिकांत जात असतां एवढा संसार त्या बाईनें तक्रार न करतां चालविला. ह्या माउलीचें नांव शास्त्राच्या इतिहासांत क्वचितच येतें, म्हणून आम्ही तें येथें मुद्दाम नमूद करीत आहों.

पुढें वालेन्सिया येथें शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा त्यांना मिळाली. १८८५ मध्यें त्या भागांत पटकीची भयंकर सांथ आली. सारागोसा प्रांताच्या अधिकाऱ्यांच्या विनंतीवरून काहाल यांनीं त्या रोगाच्या जंतूंचा अभ्यास करून अहवाल दिला. त्याबद्दल प्रांतानें त्यांना त्साइस कारखान्याचा एक उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. हातांत सोन्याची थैली पडली असती तरी त्यांना एवढा आनंद झाला नसता!

ह्यापुढील भाग समजण्यासाठीं त्या काळच्या शास्त्रज्ञांपुढें कोणतें कोडें होतें तें सांगितलें पाहिजे. शरीराचे सर्व भाग पेशींचे बनलेले आहेत हें तेव्हां सिद्ध झालें होतें. परंतु मेंदूचें काय? मेंदूंतील तंतूंचें जंजाळ इतकें दाट असतें कीं, कोणता तंतु कोठून निघून कोठें गेला हें कोणालाच दिसत नसे. पुष्कळ विद्वानांचें मत असें होतें कीं, मेंदू हें एकच अखंड जाळें असून सर्व तंतु एकमेकांस जोडलेले आहेत. १८७३ मध्यें इटलींतील कामिल्लो गॉल्जी यांनीं एक चमत्कारिक रीत शोधून काढली होती. मेंदूचा तुकडा प्रथम एका क्रोमियमच्या क्षारांत व मग रुप्याच्या क्षारांत बुडविला म्हणजे शेंकडों पेशींपैकीं एखाददुसरीच नखशिखांत काळी होते व बाकीच्या पारदर्शक राहतात. पिवळसर पडद्यावर शाईनें काढल्याप्रमाणें ती पेशी आपल्या सर्व शाखांसह दिसते. परंतु ही रीत लहरी होती; कधीं साधे, कधीं न साधे, म्हणून फारशा कोणीं ती हातीं धरली नाहीं.

१८८७ मध्यें काहाल माद्रिदला गेले असतां, पॅरिसहून परतलेले डॉ. लुइस सिमार्रो यांनीं आपल्या घरीं त्यांना ह्या रीतीनें रंगविलेले कांहीं काप दाखविले. तें दृश्य पाहिल्यापासून काहाल यांना दुसरें कांहीं सुचेना. त्याच वर्षीं त्यांची बदली बार्सिलोना येथें झाली. त्यांनीं दोन सुधारणा केल्या. एक म्हणजे रुप्याच्या क्षारांत बुडविण्याची क्रिया पुन्हां करून रंग पक्का आणला. दुसरी सुधारणा केवळ युक्तीची होती. दाट वडाच्या झाडाखालीं उभें राहून कोणती पारंबी कोणत्या फांदीची हें शोधीत बसण्यापेक्षां, वडाचें कोवळें रोप पाहिलें तर सर्व उघड दिसतें. त्याचप्रमाणें त्यांनीं वाढलेल्या प्राण्यांचा मेंदू सोडून, अंड्यांतील पिलांचा व नुकत्याच जन्मलेल्या प्राण्यांचा मेंदू तपासावयास घेतला. तेथें तंतु थोडे, आंखूड आणि आवरणावांचून असतात, व रुप्याचा रंग त्यांना चांगला चढतो.

इ. स. १८८८ हें त्यांच्या आयुष्यांतील सुवर्णवर्ष. पक्ष्यांच्या लहान मेंदूचे काप तपासतांना त्यांना स्पष्ट दिसलें कीं, एका पेशीचा तंतु दुसऱ्या पेशीपर्यंत जातो, तिला बिलगतो, पण तिच्यांत मिसळून जात नाहीं. त्याचें टोंक मोकळें असतें. म्हणजे मेंदू हें एक अखंड जाळें नसून स्वतंत्र पेशींचा अफाट समाज आहे! प्रत्येक पेशी वेगळी, तरी प्रत्येक पेशी शेजारणीशीं सल्लामसलत करणारी. हा शोध छापावयास कोणाची वाट न पाहतां त्यांनीं त्याच वर्षीं स्वतःचें त्रैमासिक काढलें. त्याच्या साठच प्रती छापल्या, आणि बहुतेक परदेशांतील विद्वानांना पदरच्या खर्चानें पाठविल्या. ह्या दिवसांत त्यांना बुद्धिबळाचें विलक्षण वेड लागलें होतें. पण त्या पटावर डोकें शिणतें हें लक्षांत येतांच त्यांनीं तो खेळ कायमचा सोडून दिला. त्याच बार्सिलोना शहरांत त्यांची एक लहान मुलगी मेंदूच्या आवरणाच्या तापानें दगावली. एका खोलींत मेंदूचें गूढ उकलत आहे आणि दुसऱ्या खोलींत त्याच मेंदूच्या रोगानें पोटचें मूल जात आहे, ह्याहून करुण प्रसंग कोणता? विद्वत्तेची किंमत कधीं कधीं घरच्यांनाहि मोजावी लागते, हें काहाल यांना जन्मभर विसरतां आलें नाहीं.

साठ प्रती गेल्या, पण उत्तर फारसें कोणाचें आलें नाहीं. स्पॅनिश भाषा वाचणारे शास्त्रज्ञ परदेशांत थोडेच; शिवाय स्पेनमधून कांहीं नवें शास्त्र येईल ह्यावर कोणाचा विश्वास नव्हता. तेव्हां काहाल यांनीं साठविलेले पैसे उचलले, सूक्ष्मदर्शक आणि कांचपट्टिका पेटींत भरल्या, आणि ऑक्टोबर १८८९ मध्यें ते बर्लिन येथील शरीरशास्त्रज्ञांच्या परिषदेस गेले. त्यांना जर्मन येत नव्हतें, फ्रेंच तोडकेंमोडकें. त्यांनीं व्याख्यान देण्याचा हट्ट धरला नाहीं. फक्त सूक्ष्मदर्शक मांडून एकेका विद्वानाला त्यांतून पाहावयास बोलाविलें. वृद्ध व सर्वमान्य आचार्य कोलिकर यांनीं डोळा लावून पाहिलें आणि त्यांचा संशय फिटला. ते ह्या परक्या तरुणाला आपल्या गाडींतून घेऊन गेले व इतर विद्वानांशीं त्यांनीं त्याचा परिचय करून दिला. स्वतः पूर्वीं उलट मताचे असूनहि कोलिकर यांनीं आपलें मत बदललें. चूक दिसतांच ती सोडून देण्याचा हा मोठेपणा दुर्मिळ होय.

तेथून कीर्तीला वेळ लागला नाहीं. १८९१ मध्यें वाल्डायर ह्या जर्मन पंडितानें मज्जापेशीला न्यूरॉन हें नांव दिलें. १८९२ मध्यें काहाल माद्रिदच्या विद्यापीठांत प्राध्यापक झाले. जेथें पंधरा वर्षांपूर्वीं ते परीक्षार्थी म्हणून आले होते तेथेंच आतां ते परीक्षक होऊन बसले. १८९४ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांना सन्मानाचें व्याख्यान देण्यास पाचारण केलें व केंब्रिज विद्यापीठानें सन्मानाची डॉक्टर पदवी अर्पण केली. दोन पेशींच्या भेटीच्या जागेला १८९७ मध्यें शेरिंग्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें सिनॅप्स हें नांव दिलें. इकडे काहाल यांनीं मज्जासंस्थेवरील आपला प्रचंड ग्रंथ १९०४ पर्यंत पुरा केला. त्यांतील चित्रें त्यांनीं स्वतः काढलीं होतीं. आयेर्बेच्या रंगाऱ्यानें ज्या हाताला नापास केलें होतें त्याच हाताचीं तीं चित्रें आजहि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत छापतात आणि प्रदर्शनांत मांडतात.

१९०६ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक दोघांना विभागून देण्यांत आलें. एक गॉल्जी, दुसरे काहाल. दोघेहि डिसेंबर महिन्यांत स्टॉकहोम येथें उभे राहिले. प्रसंग मोठा विचित्र होता. ज्यांच्या रीतीनें मेंदूच्या पेशी दिसूं लागल्या, त्या गॉल्जींनीं आपल्या भाषणांत पेशी स्वतंत्र आहेत ह्या मतावरच हल्ला चढविला व जुन्या जाळ्याचा पक्ष मांडला. दुसऱ्या दिवशीं काहाल यांनीं आपला पुरावा मांडला आणि गॉल्जींच्या रीतीचें ऋण मान्य करण्यांत कसूर केली नाहीं. कोण खरें हें ठरावयास आणखी पन्नासएक वर्षें लागलीं. १९५० नंतरच्या दशकांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें दोन पेशींमधील फट दिसली. ती एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यांतील सुमारें एका भागाएवढी! ती फट पाहावयास काहाल जिवंत नव्हते. पण जें डोळ्यांना दिसणें शक्य नव्हतें, तें त्यांनीं जें दिसत होतें त्यावरून बिनचूक ताडलें होतें. मानवी मेंदूंत अशा पेशी सुमारें ८६०० कोटी आहेत असें आज मानतात.

मान वाढला तरी राहणी साधीच राहिली. सरकारनें त्यांच्यासाठीं प्रयोगशाळा उघडली तेव्हां आपल्यासाठीं ठरविलेला पगार अधिक आहे म्हणून त्यांनीं तो कमी करून घेतला. मंत्रिपद पुढें आलें तें नाकारलें. परंतु १९०७ मध्यें स्पेनमधील तरुणांना परदेशीं पाठवून उच्च शिक्षण देणाऱ्या मंडळाचें अध्यक्षपद मात्र त्यांनीं आनंदानें स्वीकारलें. आपणांस गुरु मिळाला नाहीं, तो पुढच्या पिढीस मिळावा ही त्यांची कळकळ. संशोधन कसें करावें ह्याविषयीं तरुणांसाठीं त्यांनीं एक छोटें पुस्तकहि लिहिलें. त्याचा इत्यर्थ असा कीं, शास्त्रज्ञ होण्यास अलौकिक बुद्धि लागत नाहीं. चिकाटी, एकाग्रता आणि स्वतंत्र विचार असला म्हणजे सामान्य बुद्धीचा मनुष्यहि सृष्टीकडून एखादें रहस्य काढून घेऊं शकतो. १९३० मध्यें पत्नीचें निधन झालें, आणि ता. १७ ऑक्टोबर १९३४ रोजीं वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीं माद्रिद येथें काहाल यांनीं देह ठेविला. शेवटच्या दिवसांपर्यंत त्यांचें लिहिणें चालूंच होतें.

आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं कोणी पुढें विद्यापीठांत जाऊन मज्जाशास्त्रांत डॉक्टर होण्याची इच्छा धरील, तर त्यानें ही वाट सोपी समजूं नये. आजहि त्या पदवीसाठीं चारपांच वर्षें, कधीं अधिकहि, एकाच लहानशा प्रश्नापाशीं घालवावीं लागतात. प्रयोग फसतात, रंग चढत नाहीं, लिहिलेलें परत येतें. त्या वेळीं बार्सिलोनांतील त्या साठ प्रती आठवाव्या. आणि ज्यांच्या घरीं पाठांतराचा कंटाळा करणारा, वह्यांच्या कोपऱ्यांत चित्रें काढणारा एखादा हूड मुलगा असेल, त्या पालकांस आमची एवढीच विनंति कीं, त्याला शिस्त अवश्य लावावी, पण त्याच्या हातांतील पेन्सिल काढून घेण्यापूर्वीं ती कोणत्या कामीं लावतां येईल ह्याचा विचार करावा. हुस्तो रामोन यांना हा विचार उशिरां सुचला, पण सुचला. आणि त्या एका उन्हाळ्याचा लाभ साऱ्या मानवजातीला झाला.